औटीनानांचा उजवा खांदा

"लगतच्या कब्जेदारांना नोटीस दिलीत का?"

माझ्या दवाखान्यात पहिल्यांदाच आलेल्या एका पेशंटनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी फिजिओथेरपिस्ट आहे. सावेडीत एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचा माझा दवाखाना आहे. लोक तिथं खांदे, गुडघे, कंबर आणि मान घेऊन येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न "किती दिवसांत बरं वाटेल?" असा असतो. औटीनानांना मी स्टुलावर बसवलं होतं, कोन मोजायची पट्टी हातात घेतली होती आणि "उजवा हात बाजूनं जेवढा वर जाईल तेवढा न्या" एवढंच म्हटलं होतं.

"कोणाला नोटीस, नाना?"

"मोजणीच्या आधी शेजारपाजारच्यांना कळवावं लागतं. नाहीतर उद्या कोणीपण उठून हरकत घेतो." असं म्हणत त्यांनी डाव्या हातानं पडदा सरकवला आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोघांना आत बोलावलं. एक होते शेखचाचा, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. दुसऱ्या गायकवाडमावशी, शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या. दोघांचेही खांदे आखडलेले. नानांनी त्यांना भिंतीशी उभं केलं. "डॉक्टरबाई माझा खांदा मोजतायत. तुम्ही पंच."

ते दोघे खरोखर हात जोडून उभे राहिले. चाचांचा एक हात नीट जुळत नव्हता, तरी त्यांनी तो ओढून जुळवला. मी पट्टी लावली.

"किती?"

"नव्वदच्या जरा आत."

"जरा म्हणजे?"

"पंच्याऐंशी."

नाना पंचांकडे वळले. "पंच्याऐंशी. कोणाची काही हरकत?"

"नाही बुवा," शेखचाचा म्हणाले.

"मग कायम करा," नाना मला म्हणाले आणि शर्टाची बटणं लावू लागले.

नाना आयुष्यभर जमीन मोजणीच्या खात्यात होते. पारनेरच्या माळावरच्या खडकाळ तुकड्यांपासून प्रवरेकाठच्या उसाच्या फडांपर्यंत सगळा नगर जिल्हा त्यांनी पायाखाली घातलेला. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. नाना कागदावर तेच लिहितात, अगदी सुवाच्य अक्षरात, आणि बोलताना नगर म्हणतात. दोन भावांत बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या की मध्ये टेप धरून जो माणूस उभा राहायचा तो म्हणजे नाना. उंच, वाळके, पांढरा शर्ट, हातात बारा महिने छत्री. चालायचे ते सुद्धा पावलं मोजत असल्यासारखे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं की माझ्या दवाखान्याची मागची भिंत काटकोनात नाही. बिल्डरनं फसवलं म्हणाले. मी पट्टी घेऊन पाहिलं, खरंच नव्हती. तेव्हापासून त्या भिंतीकडे माझं सारखं लक्ष जातं.

आमची ती पट्टी अगदी साधी असते. प्लास्टिकच्या दोन लांब पट्ट्या, मधोमध जोडलेल्या, जोडावर गोल चकती आणि चकतीवर अंश. चकती सांध्यावर ठेवायची, एक पट्टी अंगाच्या रेषेत, दुसरी हाताबरोबर फिरवायची. धडधाकट माणसाचा हात कानाला लागेपर्यंत वर जातो. आखडलेल्या खांद्याचा माणूस अर्ध्या वाटेत थांबतो, आणि तो थांबलाय हे त्याला स्वतःलाच पटत नाही. मग तो खांदा कानापर्यंत उचलतो, कंबरेत वाकतो, चवड्यांवर उभा राहतो आणि म्हणतो, "बघा, गेला ना वर." आमचं निम्मं काम ही लबाडी पकडण्यात जातं.

नाना आल्यापासून ते काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. शेखचाचा हात उचलायला लागले की नाना स्टूल ओढून समोर बसायचे, एक डोळा बारीक करायचे.

"चाचा, हे अतिक्रमण आहे."

"कसलं अतिक्रमण?"

"कंबर खांद्याच्या हद्दीत आली. कंबरेनं आपल्या जागी राहायचं."

चाचा बिचारे सरळ व्हायचे. हात तेवढाच खाली यायचा. मावशी तोंडाला पदर लावून हसायच्या, मग त्यांची पाळी आली की त्यांचंही हसू जायचं. पण आठवडाभरात माझ्या पेशंटांची सवय सुधारली, हे मला मान्य करावं लागेल. मी दहादा सांगून जे होत नव्हतं ते नानांच्या "अतिक्रमण" या एका शब्दानं झालं.

त्यांना माझी पट्टी लावण्याची पद्धत तपशिलात हवी असायची. चकती नेमकी कुठं ठेवता? हाडावर की मांसावर? शर्टावरून मोजलं तर चालतं का? समजा अंगावर शाल असली तर? हा "समजा" त्यांच्या तोंडात सारखा असायचा. समजा माणूस अगदी बारीक असला तर कोपर खालून धरायचं का वरून? समजा तो दुखतंय म्हणाला, तर ते ताणल्याचं दुखणं आहे का वाईट दुखणं, कसं ओळखायचं? समजा काखेजवळ टाके असले, तर गरम पिशवीचा शेक चालतो का?

"तुम्हाला कुठं टाके आहेत, नाना?"

"मला नाहीत. समजा म्हटलं."

सरकारी नोकरीत असं होत असेल, असं मी मनात म्हटलं. प्रत्येक प्रकरणात सतरा समजा.

प्रत्येक व्यायाम मी आधी त्यांच्या हातावर करून दाखवायचा, मग तो त्यांना दुसऱ्याच्या हातावर करून बघायचा असायचा. दुसऱ्याचा म्हणजे शेखचाचांचा. एका हातानं कोपर, दुसऱ्यानं मनगट, आणि अगदी हळू, काचेचं भांडं फळीवर ठेवावं तसा ते चाचांचा हात वर न्यायचे. चाचा एकदा मला म्हणाले, "मॅडम, हे नाना माझा खांदा भाड्यानं वापरतात." पण त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. आणि गंमत म्हणजे माझ्याकडच्या सगळ्या पेशंटांत चाचाच सगळ्यांत आधी बरे झाले.

बरे होत नव्हते ते नाना.

इथं मला माझ्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. आखडलेला खांदा हाताला लगेच कळतो. मी हात वर नेत जाते आणि एका ठिकाणी सांधाच अडतो, आतून कडी लावलेल्या दारासारखा. पुढे काही केलं तरी जात नाही. नानांचा खांदा तसा अडत नव्हता. तो मोकळा होता. अडत होते ते नाना. ठरावीक जागी आला की हात ताठ करून म्हणायचे, "बस. इथंच." आणि ती जागा रोज वेगळी. सोमवारी पंच्याण्णव, मंगळवारी शंभरच्या जवळ, बुधवारी परत नव्वद.

"आज मागे का आलो, नाना?"

"रात्री झोप नाही झाली."

"तुमची?"

त्यांनी शर्टाचं बटण चुकीच्या काजात घातलं. "माझीच की."

एकदा मी आतल्या खोलीतून पाहिलं. दवाखान्याच्या दारामागे एक उंच खिळा आहे, मला स्टुलाशिवाय पोचत नाही. नाना आले, सहज उजवा हात वर करून त्यांनी छत्री त्या खिळ्याला अडकवली, आणि मग खांदा धरून बाकावर बसले.

मी त्यांना काही बोलले नाही. अशी माणसं माझ्याकडे येतात. नोकरी संपते, मुलं पुण्याला असतात, दिवस जाता जात नाही, मग एखादा खांदा किंवा गुडघा धरून ती दवाखान्यात येऊन बसतात. तिथं कुणीतरी नावानं हाक मारतं, कसं आहे विचारतं. नाना घरचं फारसं बोलत नसत. काकू देवळाली प्रवऱ्याच्या, एवढं कळलं होतं. "बागायतदाराची लेक," ते एकदा म्हणाले. "बारमाही पाटाचं पाणी बघत वाढलेली. आमच्याकडं पारनेरला पहिल्या उन्हाळ्यात टँकर बघितला आणि ओट्यावर बसून रडली. मी म्हटलं, माहेरी सोडून येतो. तर म्हणाली, आता आलेय तर ऱ्हाते." आणि हसले. बाकी कधी विचारलं तर "घरी सगळं ठीक आहे" एवढंच. मी ठरवून टाकलं की घरात दोघांचं बोलणं संपलेलं असणार. पुष्कळ घरांत संपतं.

शेवटी एके दिवशी मी म्हटलं, "नाना, तुमचा खांदा चांगला आहे. आता रोज यायची गरज नाही."

ते स्टुलावरून उठले आणि परत बसले. "इतक्यात कायम करू नका, डॉक्टरबाई. अजून वर जायला पाहिजे."

"कशाला? एवढा वर गेला की सगळी कामं होतात."

"हात डोक्याच्या वर जायला पाहिजे. आणि तिथं राहायला पाहिजे. थोडा वेळ तरी."

"डोक्यावर हात ठेवून कुठं बसायचंय तुम्हाला?" मी हसून विचारलं.

नाना हसले नाहीत. "उद्या येतो," म्हणाले आणि छत्री विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडला तेव्हा ते पायरीवर बसलेले होते. चाचा, मावशी कुणी आलेलं नव्हतं. आत येऊन त्यांनी पडदा सुद्धा लावला नाही, लगेच बोलायला लागले.

"समजा, हात वर नेताना काखेतून एक दोरी ताणली गेल्यासारखी हाताला लागली. कातडीच्या खाली. काखेपासून पार कोपराच्या आतल्या बाजूपर्यंत. बोट फिरवलं तर सुतळीसारखी लागते. आधी नव्हती, कालपासून आहे. तर ती काय असेल?"

माझ्या हातातली किल्ली तशीच राहिली.

अशी दोरी आखडलेल्या खांद्यात येत नाही. ती येते काखेतल्या गाठी काढल्यावर. बहुतेक वेळा बायकांना, छातीच्या ऑपरेशननंतर.

मी त्यांच्यासमोर बसले. "नाना, काकूंचं ऑपरेशन कधी झालं?"

ते काटकोनात नसलेल्या भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांची कचेरीतली भाषा गेली आणि पारनेरची आली.

"शिवरात्रीच्या सुमाराला. गाठ हुती. एक बाजू काढली." मग म्हणाले, "तिनं माझ्याकडून शब्द घेतलाय, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून. शेजाऱ्यांना न्हाई, तिच्या भावाला न्हाई. पोराला सुद्धा गाठ काढली एवढंच सांगितलंय. ऑपरेशन झालं तिथल्या दवाखान्यात एक बाई व्यायाम दाखवायला आल्या, तर ही मान खाली घालून बसली, बघितलंच नाही तिनं. आता डॉक्टर म्हणतात लाईट द्यायची, रेडिएशनची. मशिनखाली झोपायचं, हात डोक्याच्या वर ठेवून. हात गेला नाही तर लाईट देता येत नाही. तारीख दिलीय त्यांनी. म्हणले, तवर हात वर करून आणा."

"आणि तुम्ही माझ्याकडे आलात."

"फिरायला जायच्या रस्त्यावर तुमची पाटी दिसायची." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नुसताच हातात धरून ठेवला. "तिला दाखवायला आणता येत न्हाई, तिचं नाव काढता येत न्हाई. मग म्हणलं माझा खांदा हाय. तुम्ही मला शिकवायचं, मी घरी जाऊन तिला." मग एकदम मान वर करून म्हणाले, "पण मी खोटी मोजणी नाही केली, डॉक्टरबाई. नोकरीत केली नाही आणि इथं पण नाही. सकाळी तिचा हात जिथं थांबतो, तिथंच इथं येऊन माझा थांबवला."

इतके दिवस मी ज्या हाताला पट्टी लावत होते तो त्यांचा नव्हताच. रोज सकाळी ते काकूंचा हात आपल्या हातात घेऊन यायचे, मी तो मोजायचे, दोन व्यायाम वाढवून द्यायचे, आणि ते तो परत घरी न्यायचे.

मी त्यांना आधी दोरीबद्दल सांगितलं, कारण त्याच भीतीनं ते पहाटेपासून पायरीवर बसलेले असणार. म्हटलं, दिसायला भयंकर दिसते, पण धोका नाही. हळूहळू ताणून मोकळी होते. त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मलाच बरं वाटलं.

"पण ते तुम्हाला सांगून नाही होणार, नाना. मला काकूंना बघावं लागेल."

"ती यायची न्हाई."

"मी घरी येते."

"म्हणजे तिला सांगावं लागेल, मी तुम्हाला सांगितलं म्हणून." कुऱ्हाडींच्या मध्ये उभा राहिलेला हा माणूस घाम पुसायला लागला.

त्या दिवशी पंच आले तेव्हा नाना गेले होते. चाचांनी विचारलं, "आज मोजणी नाही का?" मी म्हटलं, आज सुट्टी.

दुसऱ्या दिवशी नाना नुसतेच दारात उभे राहिले. "सांगितलं."

"मग?"

"जेवली नाही. बोलली नाही. सकाळी चहा ठेवता ठेवता म्हणाली, बोलवा तिला चहाला. डॉक्टर म्हणून नको म्हणावं. शेंगोळे पण करते म्हणाली."

मी दुपारी गेले. गल्लीच्या टोकाला छोटं बैठं घर, पुढे जास्वंद. काकू उंच, सडपातळ, उन्हाळ्याचे दिवस असून अंगावर जाड शाल लपेटलेली. उजवा हात शालीत पोटाशी धरलेला. हुलग्याच्या शेंगोळ्यांचा लसणाचा वास घरभर होता, आणि ते एका हातानं वळले असणार हे माझ्या लक्षात आलं. मी काही विचारलं नाही. आम्ही उसाबद्दल बोललो, देवळालीच्या बाजाराबद्दल बोललो, माझ्या मुलीच्या शाळेबद्दल बोललो. नाना दोघींकडे आळीपाळीनं बघत होते, साक्षीदार फुटेल की काय अशा नजरेनं.

"अहो, दूध संपलंय," काकू म्हणाल्या.

ओट्यावर दुधाचं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं. नानांनी ते पाहिलं, मी पाहिलं. नाना छत्री घेऊन दूध आणायला गेले.

दार लागल्यावर काकू माझ्याकडे वळल्या. "मला आधीच म्हाईत हुतं."

"काय?"

"ह्यांचं. रोज सकाळी भांग पाडून दवाखान्यात जात्यात, आन् खांदा तर कदी दुखला न्हाई. पयल्यांदा म्हणलं, ह्या वयात काय सुचलं ह्यांना." त्यांच्या ओठाची एक कड जरा हलली. "मंग येऊन सांगायला लागले, डॉक्टरबाई म्हणत्यात कोपर खालून धरायचं. डॉक्टरबाई म्हणत्यात आज एवढंच. म्या मनात म्हणलं, डॉक्टरबाईला माझं कोपर कसं दिसलं?"

"मग तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? त्यांना वाटत हुतं मला कळलं न्हाई. तेवढाच त्यांना आधार." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "शब्द म्या घेतला हुता ना. तो मोडायचा न्हाई म्हणून बिचारे येवढं करत हुते. परवा ती दोरी बोटाला लागली तवा त्यांनी माझा हात तसाच खाली ठिवला. तवाच म्हणलं, आता हे सांगणार. सांगावं असंबी वाटत हुतं."

"मग जेवला का नाहीत?"

"राग आला म्हणून न्हाई. लाज वाटली."

मी हात धुतले. त्यांनी शाल काढली, मान दुसरीकडे वळवून ब्लाऊजची बटणं सोडली. व्रण चांगला भरत आला होता. काखेतून निघालेली दोरी स्पष्ट दिसत होती. मी हळूहळू ताण द्यायला सुरुवात केली. काकूंनी दात आवळले, पण आवाज काढला नाही. नानांनी त्यांचा हात आतापर्यंत फार नीट हाताळला होता, हे मला जाणवत होतं. कुठे ओढाताण नाही, कुठे सूज नाही. मी तसं म्हटलंही.

"हात चांगला धरत्यात," काकू म्हणाल्या. "पर तोंड भिंतीकडं करून. शालीतून हात तेवढा बाहेर काढायचा आन् त्यांनी तिकडं बघायचं. म्याच सांगितलंय. बघायचं न्हाई म्हणलं, तर बघत न्हाईत."

"ऑपरेशन झाल्यापासून?"

"व्हय. ह्यांनी बघितलंच न्हाई अजून."

बाहेर फाटक वाजलं. काकूंनी शाल ओढून घेतली. नाना दूध घेऊन आले आणि भरलेल्या पातेल्याशेजारी पिशवी ठेवून निमूट बसले.

मग मी रोज दवाखाना बंद करून घरी जाताना त्यांच्याकडे जाऊ लागले. आधी मी काकूंची दोरी मोकळी करायचे, तेवढा वेळ नाना पडवीत. मग नानांचा व्यायाम: ते भिंतीकडे तोंड करून उभे, हात मागे करून काकूंचा हात धरलेला, आणि तो इंचाइंचानं वर. दवाखान्यात शेखचाचांना मी सांगितलं की नानांचा खांदा बरा झाला. "चांगलं झालं," चाचा म्हणाले आणि मग बराच वेळ बाकावर उदास बसले. त्यांचा स्वतःचा खांदा तर कधीच बरा झाला होता.

पुढचं सगळं नीट झालं, ते आधीच सांगून टाकते. काकूंचा हात वर गेला, लाईट वेळेवर सुरू झाली आणि पूर्ण झाली. आता त्या तपासणीला जातात, बऱ्या आहेत, आणि स्वतः माझ्या दवाखान्यात येतात सुद्धा. गेल्या महिन्यात एक नवी पेशंट, तशीच शाल लपेटून, बाकाच्या टोकाला बसली होती. काकू तिच्याशेजारी जाऊन बसल्या आणि काहीतरी हळू बोलल्या. काय ते मला ऐकू आलं नाही.

पण मला सांगायचंय ते तारखेच्या आधीच्या संध्याकाळचं.

मी मोजलं तेव्हा हात चांगलाच वर गेला होता. थोडासा कमी होता, पण होईल असं वाटत होतं. नानांना मात्र ते स्वतः मोजायचं होतं. उद्या डॉक्टरांना सांगायचा आकडा आपल्या हातचा असावा, असं त्यांचं म्हणणं. काकू पलंगावर उताण्या झोपल्या, मशिनखाली झोपायचं तसंच. अंगावर शाल. नाना पलंगाशी बसले, तोंड भिंतीकडे, आणि हातानं चाचपून त्यांनी चकती काकूंच्या खांद्यावर ठेवली. मग पट्टी माझ्यापुढे धरली. "वाचा."

मी आकडा वाचला. माझ्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी होता.

त्यांनी परत लावली. आता पुष्कळ जास्त.

"काय होतंय?" नाना म्हणाले.

"नाना, चकती सरकतेय. न बघता नाही लावता येत."

मला नंतर वाटलं की मी हे वेगळ्या शब्दांत सांगायला हवं होतं. त्यांच्या पाठीकडे बघून कळत होतं की त्यांना काय लागलं. "म्हणजे माझी मोजणी चुकतेय," ते भिंतीला म्हणाले. "इतके दिवस चुकतच असंल."

काकू छताकडे बघत होत्या. मग त्यांनी डाव्या हातानं शाल बाजूला केली आणि ब्लाऊजची बटणं काढायला लागल्या. एका हातानं काढत होत्या म्हणून वेळ लागत होता. मी पुढे झाले तर त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

"इकडं तोंड करा," त्या म्हणाल्या.

नाना हलले नाहीत. "असू दे. डॉक्टरबाईंनी मोजलंय."

"इकडं बघा म्हणते ना."

नाना वळले.

त्यांनी पाहिलं. मी पट्टी त्यांच्या हातात ठेवायला गेले, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते एक डोळा बारीक न करता, दोन्ही डोळ्यांनी बघत होते. काकू मात्र छताकडेच बघत होत्या.

मग नाना म्हणाले, "रेघ सरळ आलीय."

"काय?"

"टाक्यांची. एका ओळीत आहेत सगळे. कुठं वाकडी नाही गेली. ज्यानं आखली तो चांगला माणूस असणार."

काकूंच्या तोंडातून एक आवाज निघाला. मला आधी रडू वाटलं, पण ते हसू होतं. हसता हसता त्यांचा हात वर उशीकडे सरकत गेला आणि डोक्याच्या वर जाऊन टेकला. त्यांना ते कळलं सुद्धा नाही.

मी पट्टी पलंगाच्या कडेला ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवलं. आतून नानांचा आवाज आला, अगदी हळू.

"आता हात खाली घे. दुखंल."

"दुखू द्या," काकू म्हणाल्या. "तुमी बघा नीट."